नऊ जणांचा घाणा

चाळणीत उजव्या कानाचं तिसरं हाड सापडलं तेव्हा वरदा आष्टीकरने चिमटा खाली ठेवला, हातमोजे काढले आणि हात धुतले. मग नवे हातमोजे चढवून पहिल्यापासून मोजलं. तीनच होती.

माणसाच्या कवटीत कानामागे, आतल्या बाजूला, सुपारीएवढं एक हाड असतं. सगळ्या शरीरात त्याच्याइतकं घट्ट हाड दुसरं नाही. प्रयोगशाळेत त्याला अश्मास्थी म्हणत. हजार अंशांच्या भट्टीत कवटीच्या ठिकऱ्या होतात, पण अश्मास्थी ओळखू येण्याइतकी शाबूत राहते. डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि दोन्हींतला फरक शिकाऊ तंत्रज्ञालाही सांगता येतो. वरदासमोरच्या पांढऱ्या ताटलीत उजव्या तीन होत्या आणि डावी एक. कलशावरच्या पट्टीवर नाव मात्र एकच होतं : मनोहर गणेश आष्टीकर, वय एक्याऐंशी. तिचे बाबा.

नागपुरात लाकडाच्या चितेवर बंदी येऊन अकरा वर्षं झाली होती. शहराबाहेर पाच कंपन्यांच्या सौरदाहिन्या चालत. दिवसभराचं ऊन वितळलेल्या क्षारात साठवायचं आणि त्या उष्णतेवर देह जाळायचा. नातेवाइकांना दिसायचं ते एवढंच, की एका दारातून ट्रॉली आत जाते आणि काही तासांनी दुसऱ्या दारातून कलश बाहेर येतो. कायदा म्हणत होता, एका वेळी एकच देह. कलशातली राख कोणाची हे पडताळायची सोय मात्र नव्हती, कारण इतक्या उष्णतेत हाडात जनुकं उरत नाहीत.

ती सोय वरदाने केली होती. ग्राहक कसोटी संस्थेत तिने सहा वर्षांपूर्वी ‘अस्थिमुद्रा’ ही चाचणी बसवली आणि संस्था दरवर्षी तिच्या आधारे पाचही कंपन्यांना तारे देऊ लागली. ‘अंत्यसेवा निवडताना’ ही सुजाण ग्राहकांसाठीची चोवीस पानी मार्गदर्शिकाही तिनेच लिहिली. कंपनीला कोणते प्रश्न विचारावेत, कोणती सेवा नाकारता येते, कोणत्या कागदावर घाईने सही करू नये, सगळं त्यात होतं. तिचा मोठा भाऊ श्रीनिवास याने वडील अत्यवस्थ असतानाच ती वाचून काढली, जागोजागी पेन्सिलने रेघा मारल्या आणि ‘उत्तरपथ अंत्यसेवा’ निवडली. सलग चार वर्षं पाच तारे मिळवणारी ती एकटीच कंपनी होती.

श्रीनिवासची मुलगी परदेशातून यायची होती, म्हणून रामटेकला अंबाळा तलावावर करायचं अस्थिविसर्जन दोन महिने लांबलं. तोवर कलश रिवाजाप्रमाणे घराबाहेर, अंगणातल्या कडुनिंबाला टांगलेला होता. या वर्षीच्या तपासणीत उत्तरपथचा एक कलश हवाच होता. वरदा तोच घेऊन आली. संस्थेत यंत्र हाडांची भुकटी करतं आणि चिमूटभर विरघळवून मोजतं. हाताने कोणी काही वेचत नाही. पण बाबांची भुकटी करायचं बटण तिच्याने दाबवेना. म्हणून ती चाळणी घेऊन बसली, आणि तीन कान हाती आले.

ताटली घेऊन ती डॉ. फिरोज मुलाणींच्या खोलीत गेली. मुलाणी भूरसायनातले जुने जाणकार, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. अस्थिमुद्रेमागचं गणित त्यांचं होतं. त्यांनी भिंग लावून तिन्ही हाडं पाहिली.

"चार वर्षांत या कंपनीचे तीनशे कलश तपासले आपण," वरदा म्हणाली. "एकही चुकला नाही."

"आपली चाचणी काय मोजते ते सांग बरं," मुलाणी म्हणाले. "मी आजच नोकरीला लागलोय असं समज."

वरदाने सांगितलं. अश्मास्थी जन्मानंतर पहिल्या दोन वर्षांत घडते आणि पुढे बदलत नाही. त्या काळात मूल जिथलं अन्नपाणी घेतं, तिथल्या खडकातलं स्ट्रॉन्शियम तिच्यात कायमचं अडकतं. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पश्चिमेला, वर्धा-अमरावतीकडे काळा बसाल्ट. पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे त्याहून कितीतरी जुना खडक. दोन्हींतल्या स्ट्रॉन्शियममध्ये जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण वेगळं असतं. त्यामुळे माणूस आर्वीत वाढला की साकोलीत, हे त्याची राखही सांगते. दुसरी खूण बेरियमची. वनस्पतीत ते बरंच असतं. जनावर वनस्पती खातं तेव्हा त्यातलं थोडंच त्याच्या अंगात मुरतं. म्हणून मांस खाणाऱ्याच्या हाडात बेरियम कमी सापडतं, न खाणाऱ्याच्या हाडात जास्त. बरगडीचं हाड सतत नव्याने घडत असतं, तेव्हा शेवटच्या दहा-पंधरा वर्षांचं जेवण तिच्यातून कळतं. दहनाआधी संस्थेचा माणूस देहाची एक दाढ आणि बरगडीची पातळ चकती काढून कुपीत सीलबंद करतो. नंतर कलशातली राख त्यांच्याशी ताडून पाहायची. जुळली, तर कलश खरा.

"यात माणूस कुठे आला?" मुलाणींनी विचारलं.

वरदा सावकाश म्हणाली, "माणूस नाहीच. गाव आहे आणि ताट आहे."

"मग तीन माणसं एका कलशात असूनही मुद्रा जुळायची असेल तर?"

"तिघंही एकाच भागातली आणि एकसारखं जेवणारी हवीत."

"योगायोगाने?"

"एखाद्या वेळी. तीनशे वेळा नाही. कोणीतरी आधी निवडतंय."

मुलाणींनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "आमच्यात खड्डा एकेकाचा असतो," ते म्हणाले. "पण शेजारी कोण हवा, यावरून झालेली भांडणं मी सोडवलीत. त्यामुळे मला फार आश्चर्य वाटलं असं म्हणवत नाही."

उत्तरपथची इमारत वर्धा रोडवर होती. स्वागतकक्षात चंदनाचा वास सोडलेला होता आणि त्याच्या खाली, नीट लक्ष दिलं तर, तळणाचा. कंपनीचे संचालक प्रफुल्ल देवतळे स्वतः समोर आले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, हात सतत जोडलेले. त्यांनी लिंबाचं सरबत मागवलं. उन्हातून आलेली वरदा ते पिऊन गेली आणि मग पिशवीतून ताटली काढून तिने तिपाईवर ठेवली.

देवतळे नाकारतील, चिडतील, वकिलाला फोन करतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, आदराने मान झुकवली आणि म्हणाले, "चला, दाखवतो."

शीतकक्षात पोलादी खणांच्या दोन रांगा होत्या. खणांवर रंगीत पट्ट्या होत्या : पश्चिम-शाक, पश्चिम-मिश्र, पूर्व-शाक, पूर्व-मिश्र. त्या दोघांच्या मागून प्लास्टिकचा अ‍ॅप्रन घातलेला एक कामगार आला आणि वडे तळणाऱ्याने विचारावं तसं त्याने विचारलं, "साहेब, पश्चिम-शाकचा घाणा भरत आला जी, आठ झाले. सोडू का नववा येऊ देऊ?"

देवतळेंनी त्याला हाताने घालवलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं ते त्या शब्दामुळे. मुलांना किती वेळा सांगितलं तुकडी म्हणा, तुकडी म्हणा, पण त्यांच्या तोंडात तेच बसलंय, असं ते म्हणाले.

बाकी त्यांनी सगळं सरळ सांगितलं. भट्टी एका देहासाठी तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढीच नऊ देहांना पुरते. ढगाळ दिवसांत साठवण कमी पडते, देह खोळंबतात, लोक ओरडतात. म्हणून नऊ एकत्र, आणि मग राखेचे वजनाने नऊ वाटे. पहिल्या वर्षी असं केलं तेव्हा अस्थिमुद्रा जुळली नाही आणि कंपनीला दोन तारे मिळाले. तेव्हा त्यांनी वरदाची मार्गदर्शिका मागवून बारकाईने वाचली. आता देह आला की संस्थेच्या माणसाआधी कंपनीच दाढ आणि बरगडी मोजते. सारखे सारखे एका खणात.

"म्हणजे तुम्ही जात लावून माणसं जाळता," वरदा म्हणाली.

"जात विचारणं गुन्हा आहे, मॅडम. आमच्याकडे कोणीही ती विचारत नाही." देवतळेंचे हात अजून जोडलेलेच होते. "आम्ही बेरियम मोजतो."

गाव आणि ताट मिळून जात होत नाही, हे वरदाला कळत होतं. पण ज्यांना ती हवी असते त्यांना एवढ्यावर भागतं, हेही कळत होतं. बाहेर पडण्याआधी तिने बाबांच्या घाण्याची यादी मागितली. देवतळेंनी ती तत्परतेने छापून दिली. नऊ नावं, वयं, मूळ गावं. वर शीर्षक होतं : पश्चिम-मिश्र.

संस्थेने उत्तरपथचे पाचही तारे काढून घेतले आणि वरदाचा अहवाल प्रसिद्ध केला. कामगाराचा शब्दही तिने त्यात तसाच ठेवला. वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर घेतला. मात्र भट्टी बंद करायला अहवाल पुरेसा नव्हता. मृताच्या वारसाने सेवेतल्या त्रुटीची तक्रार करावी लागते, तिची सुनावणी व्हावी लागते आणि ती खरी ठरावी लागते. वरदा वारस होती, पण संस्थेच्या नोकरांना तक्रार करता येत नव्हती. म्हणून तिने यादीतल्या आठ कुटुंबांना पत्रं पाठवली. एकाने जरी तक्रार केली असती तरी उत्तरपथला टाळं लागलं असतं.

तिघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी यादी मागितली आणि मिळाल्यावर गप्प बसले. आणखी दोघांनी, विषय वाढवायचा नाही, असं कळवलं. पुलगावहून एका बाईंचा फोन आला. यजमान गेल्याला तीन महिने झाले, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "सगळे आपल्याकडचेच होते ना? मग राहू द्या. सोबत झाली त्यांना."

हे उत्तर वरदाला निदान समजलं. बाकीचं समजायला वेळ लागला. अहवालानंतर पंधरा दिवसांत उत्तरपथकडे आगाऊ नोंदणीची रांग लागली. संस्थेला पत्रं येऊ लागली, आणि ती संतापाची नव्हती. आमच्या आईसाठी कोणता घाणा मिळेल हे आधी कळेल का, असं एकाने विचारलं होतं. शाकमध्ये कांदा-लसूण न खाणाऱ्यांचा वेगळा खण असतो का, असं दुसऱ्याने. उरलेल्या चारपैकी दोन कंपन्यांनी ‘वर्गीकरणाच्या प्रमाणित पद्धतीबाबत मार्गदर्शन’ मागितलं. वरदाने ती पत्रं दोन बोटांत धरून फाइलला लावली.

उरलं होतं नववं कुटुंब, म्हणजे श्रीनिवास. त्याला पत्र पाठवण्यात अर्थ नव्हता. एका रविवारी सकाळी कलश घेऊन ती त्याच्याकडे गेली. त्याने कलश हातात घेतला, कडुनिंबाच्या फांदीला पुन्हा बांधला आणि दोरीची गाठ दोनदा तपासली. अहवाल त्याने वाचला होता, आपल्या कलशाचंही त्याच्या लक्षात आलं होतं. बाबांबरोबर आणखी आठ जण आहेत आणि त्यातले बाबा कोणते हे आता कोणालाच सांगता येणार नाही, हे ती त्याला सांगू लागली. तो मध्येच म्हणाला, "ते कळलं गं. घाणा कोणता होता?"

याखेरीज कुठल्याही प्रश्नाला ती तयार होती.

"पश्चिम-मिश्र."

"मिश्र म्हणजे?"

"खाणारे, दादा."

श्रीनिवास ओट्यावर बसला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "बाबांना त्यांच्यात टाकलं? चातुर्मासात कांदा न खाणारा माणूस." थोड्या वेळाने तो उठला तो निर्धारानेच. "कोणी तक्रार करत नाही म्हणतेस ना? मी करतो. चुकीच्या घाण्यात टाकलं म्हणून करतो. बघतो कशी भट्टी चालते ती."

वरदाला हवी होती ती एकुलती एक तक्रार अशी आली.

बाबांचे बुधवार त्याला माहीत नव्हते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापासून दर बुधवारी बाबा वाचनालयात जातो म्हणून निघत आणि वरदा त्यांना गाडीतून एका सावजी भोजनालयात नेऊन सोडे. तिथे त्यांचे ऑफिसातले जुने सहकारी आबाजी शिंगणे वाट पाहत असत. पहिल्या वर्षी ती बाहेर थांबत असे, मग तीही आत बसू लागली. मटणाचा लालभडक रस्सा, डोक्यावरून कानामागे उतरणारा घाम, तो पुसायला घरून आणलेला जादा रुमाल. परतताना वेलदोडा चघळत बाबा म्हणत, "श्रीनूला कळू देऊ नकोस. त्याला उगाच त्रास होईल." तेरा वर्षं एकही बुधवार चुकला नव्हता. बरगडीत ते सगळं उतरलेलं असणार.

तक्रारीची तपासणी अर्थातच मुलाणींकडे गेली. तक्रारीत जेवढं लिहिलं असेल तेवढंच तपासायचं, असा नियम होता. कुप्यांचं कपाट मात्र वरदाच्या ताब्यात होतं. बाबांची कुपी न्यायला मुलाणी आले तेव्हा तिने कपाट उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. बाबांच्या कुपीच्या वरच्या ओळीत बाबांसारख्याच आर्वीत वाढलेल्या एका शाकाहारी गृहस्थांची कुपी होती. आकार तोच, झाकण तेच. पट्ट्या बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मुलाणी खिडकीतून बाहेर पाहत होते. बुधवारांची गोष्ट तिने त्यांना एकदा हसत हसत सांगितली होती. "तू देशील ती कुपी मी तपासेन," ते म्हणाले. "तपासल्यावर जे येईल ते लिहीन."

वरदाने हिशेब केला. कुपी बदलली तर उत्तरपथ दोषी ठरेल, भट्टी थंड होईल. निकालपत्रात लिहिलं जाईल, की शाकाहारी देह मिश्रांच्या घाण्यात टाकला, हा अपराध. म्हणजे घाणे असावेत, फक्त चुकू नयेत. आणि बाबांचे तेरा वर्षांचे बुधवार तिच्याच हाताने पुसले जातील. तिने खालच्या ओळीतली कुपी उचलली आणि मुलाणींच्या हातात दिली.

"हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हीच."

आठवड्याने निकाल लागला. बरगडीतलं बेरियम मांसाहाराशी जुळणारं. तक्रार निराधार. शेवटच्या वाक्यात नियमाप्रमाणे संस्थेचा निष्कर्ष होता : ‘कंपनीने केलेले वर्गीकरण अचूक आढळले.’ खाली संस्थेची मोहोर.

श्रीनिवासने निकाल वाचला आणि वरदाला फोन केला. बाबा कुठे जात होते, कोणाबरोबर, तिला माहीत होतं का, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. मुलीचं येणं रद्द केल्याचं सांगितलं. "कलश तूच घेऊन जा," तो म्हणाला. "मला तो झाडावर नको आहे."

सोमवारी वर्धा रोडवर मोठा फलक लागला. वर उत्तरपथचं चिन्ह, खाली तेच वाक्य, अवतरणात, आणि त्याखाली ‘ग्राहक कसोटी संस्था’. नवव्या माणसासाठी आता कोणी खोळंबणार नव्हतं. मागणी इतकी होती की कंपनी दुसरी भट्टी बांधायला घेत होती.

अंबाळ्यावर जाण्याआधी वरदाने एक शेवटची गोष्ट करून पाहिली. तिन्ही उजव्या अश्मास्थींचा कण-कण खरवडून तिने वेगवेगळा मोजला. एक जरी आर्वीचा म्हणून वेगळा निघाला असता, तर तो तिने हातात धरून सोडला असता. तिन्हींचा आकडा चौथ्या दशांशापर्यंत सारखा आला. देवतळेंच्या माणसांनी काम चोख केलं होतं. तिने तिन्ही हाडं कलशात परत टाकली.

घाटाच्या पायऱ्यांवर आबाजी शिंगणे आधीच येऊन बसले होते. त्यांच्या हातात घडी केलेला रुमाल होता. वरदाने देवतळेंनी छापून दिलेली यादी उलगडली. गुरुजींनी दर्भ मांडला, पळीत पाणी घेतलं आणि मृताचं नाव विचारलं.

"नऊ जण आहेत," वरदा म्हणाली. "एकेक वाचते."

गुरुजींनी वर पाहिलं. "अपघात? एकाच घरातले?"

"एकाच घाण्यातले."

गुरुजींनी वर्तमानपत्र वाचलेलं असावं. पळी तशीच ताम्हनावर धरून त्यांनी विचारलं, "कोणत्या?"